समुद्राकाठची चार टेबलं

समुद्रकिनारी घर घेणारा माणूस भिंती विकत घेत नाही, तो क्षितिज विकत घेतो. हे वाक्य मी लातुरातल्या एका मंगल कार्यालयात ऐकलं. ऐकताना माझ्या एका हातात नारळ होता, दुसऱ्या हातात उपम्याची प्लेट होती आणि नुकतीच पांघरलेली शाल खांद्यावरून घसरत होती. आमच्याकडे सत्काराशिवाय काही सुरू होत नाही. त्या दिवशी तिथं कुणीच घर घेतलेलं नव्हतं. म्हणून जे घेतील असा संशय होता, त्या सगळ्यांचा आधीच सत्कार करण्यात आला.

संशय माझ्यावर नव्हता, माझ्या बहिणीवर होता. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, जिल्हा परिषदेच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, लातूरला राहणारी. मी नांदेडला एका कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर महिन्यातून एकदा लोहा, अहमदपूर, चाकूर करत मी एस.टी.ने तिच्याकडे जाते, चार दिवस राहते, आणि तिनं आखलेल्या कार्यक्रमात बसते. त्या महिन्यातला कार्यक्रम हा होता.

पडद्यावर लाटा येत होत्या, स्पीकरमधून त्यांचा आवाज येत होता. कोट घातलेल्या गृहस्थांनी योजना समजावून सांगितली. गोव्याकडच्या एका शहरात फ्लॅट घ्यायचा. त्यात आपण राहायचं नाही. सुट्टीला येणाऱ्या पर्यटकांना तो दोन-चार दिवसांसाठी द्यायचा. बुकिंग मोबाईलवर होणार, देखभाल तिथली एक कंपनी बघणार, आणि आपण लातुरात बसून क्षितिजाचे मालक राहणार. शेवटी त्यांनी शंका विचारायला सांगितलं. पुढच्या रांगेतले लोक परतावा, कर्ज, नोंदणी असलं काहीबाही विचारत होते. अक्का उभी राहिली आणि तिनं विचारलं, "चादरी कोण धुणार?"

"मॅडम, त्यासाठी आमची संपूर्ण इकोसिस्टिम आहे," कोटवाले म्हणाले.

"म्हणजे बाई आहे," अक्का मला हळूच म्हणाली आणि खाली बसली. ती घर घेणार हे मला त्याच क्षणी कळलं. जी गोष्ट घ्यायची नाही तिच्या चादरींची चौकशी ती करत नाही.

घरी दाजी वाट बघत होते. दाजी म्हणजे अक्काचे यजमान, पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंता. साधं पाणी मागतानाही त्यांच्यासमोर माईक असल्यासारखं वाटतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, आणि म्हणाले, "गुंतवणूक म्हणजे जमीन. बार्शी रोडला प्लॉट घ्यावा आणि शांत झोपावं. जमीन हलत नाही."

लातुरात हे वाक्य इतक्या खात्रीनं बोलताना मी पहिल्यांदाच कुणाला ऐकलं.

"पैसे माझे हायेत ना?" अक्का म्हणाली. "अर्धे माझे, अर्धे हिचे."

अर्धे माझे, ही माहिती मलाही तेव्हाच मिळाली. पण मी मान हलवली. कारण अक्काच्या आवाजात मला काहीतरी ओळखीचं ऐकू आलं होतं. लग्नानंतर ती सासरच्या घरात राहिली, मग बदल्यांच्या गावी भाड्याच्या खोल्यांत, मग दाजींनी बांधलेल्या घरात. दारावर नाव कायम दुसऱ्याचं. तिचं नाव फक्त शाळेच्या फळ्यावर होतं, 'मुख्याध्यापिका' ह्या शब्दापुढे, आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी तिथं नवं नाव आलं. एक दार स्वतःच्या नावाचं असावं, एवढंच तिला हवं होतं. ते समुद्राकाठी असावं हा केवळ त्या उपम्याचा परिणाम.

दाजींनी शेवटी मंजुरी दिली, पण अटीसह. "पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत मुदत. तोवर त्या घरानं स्वतःचा खर्च स्वतः काढला पाहिजे. नाही काढला, तर विकायचं आणि प्लॉट घ्यायचा. मान्य?"

"मान्य," अक्का म्हणाली.

ताबा घ्यायला आम्ही दोघीच गेलो. लिफ्ट बंद होती, म्हणून क्षितिजाकडे जाताना चौथ्या मजल्यापर्यंत चालत जावं लागलं. समुद्र होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो दिवाणखान्यातून दिसत नव्हता, झोपायच्या खोलीतून दिसत नव्हता. तो स्वयंपाकघरात, भांडी घासायच्या सिंकसमोरच्या खिडकीतून, समोरच्या हॉटेलची टाकी आणि एक नारळ यांच्या मधल्या फटीतून दिसत होता. जो भांडी घासेल त्यालाच समुद्र, अशी ती न्याय्य व्यवस्था होती. अक्का सिंकपाशी बराच वेळ उभी राहिली. मग बाहेर आली, पिशवीतून पितळेची पाटी काढली आणि शेजारच्या दाराचं काम करणाऱ्या माणसाकडून ती लावून घेतली. पाटीवर दोन नावं होती. वर तिचं, खाली माझं. तिनं पदरानं पाटी पुसली आणि मला त्या पाटीचे तीन फोटो काढायला लावले. समुद्राचा एकही नाही.

आता घर सजवायचं होतं. तिथलं काम बघणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थापिका म्हणजे मोठ्या हॉटेलात आयुष्य घालवलेल्या, कडक इस्त्रीच्या बाई होत्या. त्यांनी मोबाईलवर नमुन्याचे फोटो पाठवले. छताला टांगलेली वेताची खुर्ची, बाल्कनीत प्लास्टिकचं गवत, भिंतीवर बारीक दिव्यांची माळ, आणि 'निवांत व्हा' अशा अर्थाची इंग्रजी पाटी. अक्कानं ते फोटो एकेक करून, वह्या तपासाव्यात तसे पाहिले.

"ह्या खुर्चीत बसून माणूस जेवणार कसं?"

"जेवायला नाही गं, झुलायला आहे."

"पैसे देऊन येणार आणि झुलणार?" तिनं मोबाईल पालथा ठेवला. "खोली कशी द्यायची ते मला कुणी शिकवू नये."

हे मात्र खरं होतं. लातुरात राज्यभरातून पोरं डॉक्टर व्हायला येतात, क्लास लावतात, आणि गावातल्या प्रत्येक घराचा वरचा मजला त्यांना भाड्यानं दिलेला असतो. अक्काच्या माडीवरच्या चार खोल्या वीस वर्षांत एकदाही रिकाम्या राहिलेल्या नाहीत. खोली भाड्यानं देण्याची एक पद्धत तिला पाठ होती: प्रत्येकाला स्वतंत्र पलंग, प्रत्येकाला स्वतंत्र टेबल, वर लख्ख ट्यूबलाइट, समोर मोठं घड्याळ, आणि दारामागे नियम. दुसरीही काही पद्धत असेल हे तिच्या मनात आलं नाही. मला वाईट वाटतं ते एवढ्याचंच, की ते माझ्याही मनात आलं नाही. मी पुस्तकांच्या रॅकसाठी भिंत मोजत होते.

टेबलं करायला तिनं नेहमीच्या मिस्त्रींना बोलावलं. तीन पिढ्यांपासून लातुरात सुतारकाम करणारं त्यांचं घर. वसतिगृहांची निम्मी टेबलं त्यांच्याच हातची. त्यांनी पत्ता वाचला आणि पेन्सिल कानावरून काढून परत कानावर ठेवली.

"बाई, हितं तर समंदर हाय."

"हाव."

"लोक पोहायला येणार. टेबलाचं काय काम?"

"पोहून आल्यावर बसतील."

"बसतील वो, पन अभ्यासाला?"

"जागा नीट मिळाली की माणूस अभ्यासाला बसतंय मिस्त्री. मी जिंदगीभर हेच बघून राहिले."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "आपा, तुम्ही तरी समजावा."

"मी ग्रंथपाल होते," मी म्हणाले. "टेबल-खुर्चीच्या विरोधात मला बोलता येत नाही."

चार टेबलं, चार खुर्च्या आणि चार पलंग टेम्पोनं गेले. मिस्त्री सोबत गेले, बसवून आले, आणि येताना शिंपल्यांची माळ घेऊन आले. त्यापाठोपाठ व्यवस्थापिकांचा फोन आला. अक्कानं तो स्पीकरवर लावला, म्हणजे दाजींनाही ऐकू जावा.

"बाई, मी आत्ता आत आले. हे घर आहे का शाळा आहे?"

"का? काय कमी आहे?"

"कमी काही नाही हो. फळा तेवढा नाही."

"लागेल का?" अक्कानं मनापासून विचारलं.

व्यवस्थापिकांनी दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "आणि दारामागे लिहिलंय की रात्री नऊनंतर आवाज करू नये. इथं लोक नऊला तयार होऊन बाहेर पडतात."

"बाहेर करू दे की आवाज. मी आतलं लिहिलंय."

दाजी पेपरमागे हसत होते. पेपर हलत होता.

पहिले पाहुणे दिवाळीनंतर आले. चार मित्र होते, नोकरीवाले. अॅपवर त्यांनी पाचपैकी दोन तारे दिले आणि लिहिलं की घर स्वच्छ आहे, पण दाराआड उभं राहून कुणीतरी आपली हजेरी घेतंय असं सतत वाटत राहतं. अक्कानं ते चष्मा लावून दोनदा वाचलं, आणि उत्तर दिलं: 'स्वच्छतेबद्दल आभार.' दुसरे एक नवविवाहित जोडपं होतं. स्वतंत्र पलंगांबद्दल त्यांचं जे म्हणणं होतं ते मी इथं लिहीत नाही. तारा एकच होता. नाताळात, जेव्हा त्या शहरात पाय ठेवायला जागा नसते असं सगळे सांगतात, तेव्हा आमच्या घरात पाय ठेवायला भरपूर जागा होती. आजूबाजूचे सगळे फ्लॅट भरलेले. व्यवस्थापिकांनी सौम्यपणे सुचवलं, टेबलं काढा, निदान दोन तरी. अक्का म्हणाली, "बघते." ती कधीच 'बघते' म्हणत नाही. एकतर हो म्हणते, नाहीतर नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला मी लातूरला गेले, तेव्हा दिवाणावर बार्शी रोडच्या प्लॉटचा नकाशा पसरलेला होता. दाजी एका गृहस्थांना दक्षिण दिशा समजावत होते. मला बघून आनंदाने म्हणाले, "या मेव्हणीबाई! कॉर्नरचा आहे. तुमचा निम्मा हिस्सा रस्त्याच्या बाजूला घेऊ."

अक्का आत भाकरी करत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि मला विचारलं, "आपली पाटी स्क्रूनं लावली का चिकटवली गं?"

"स्क्रूनं."

"मग निघेल नीट," ती म्हणाली. "पितळ खराब व्हायला नको."

मी ताट घेऊन शेजारी बसले आणि नको असताना आणखी एक भाकरी मागितली.

दोन दिवसांनी दुपारी तिचा फोन वाजला. ती कणीक मळत होती, म्हणून मी स्पीकर लावला. नागपूरच्या एक बाई होत्या. बोलण्यात घाई आणि थकवा दोन्ही होतं.

"तुमच्या घराचे फोटो पाहिले. त्यात टेबल दिसतंय. ते खरंच आहे का फक्त फोटोपुरतं?"

अक्काचे हात थांबले. "खरं आहे. चार आहेत."

"उजेड कुठून येतो हो?"

"दोन टेबलांना डावीकडून. लिहिताना वहीवर सावली पडत नाही. दिव्याची वेगळी सोय आहे. मुलगी का मुलगा?"

"मुलगी. बारावीला. दोन वर्षं झाली, आम्ही घरातून कुठं हललो नाही. हे म्हणतात, चार दिवस समुद्रावर जाऊ, नाहीतर मलाच दवाखान्यात ठेवावं लागेल. पण तिचा अभ्यास बुडायला नको."

"डावखुरी आहे का?"

"अय्या, हो! तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं न्हाई, विचारलं. मग तिला खिडकीच्या अलीकडचं टेबल द्या, तिथं उजेड उजवीकडून येतो. रात्री नऊनंतर तिथं आवाज नसतो. नियमच आहे."

मग त्या बाई म्हणाल्या, "ताई, हे घर कुणी बांधलं हो?" आणि त्यांचा आवाज थोडा ओला होता.

नागपूरकर चार दिवसांसाठी आले आणि सहा दिवस राहिले. आईवडील समुद्रावर, मुलगी टेबलावर, संध्याकाळी तिघं वाळूत. जाताना त्यांनी अॅपवर जे लिहिलं ते जवळजवळ निबंधाएवढं होतं. पाच तारे होतेच. शिवाय घड्याळ, खुर्चीची उंची, आणि मुलीचं सेंद्रिय रसायनशास्त्र ह्या तिन्हींचा गौरवपूर्ण उल्लेख होता. अक्कानं त्यात दोन ठिकाणी अनुस्वार घालावेत असं सुचवलं, पण अॅपवर तशी सोय नाही.

त्यानंतर काय झालं ते समजायला आम्हाला आठवडा लागला. बारावीच्या मुलांच्या आयांचे मोबाईलवर गट असतात. ते गट एकमेकांना जोडलेले असतात. आमच्या घराचा फोटो त्यातून फिरत निघाला. अकोला, सोलापूर, हैदराबाद, पुणे. फोन यायला लागले आणि सगळ्या फोनांत एकच सूर: दोन वर्षं कुठं गेलो नाही हो. ह्या देशात किती आईबाप पोराच्या टेबलाशी बांधलेले आहेत याची मला कल्पना नव्हती. कुणी त्यांना टेबलासकट समुद्र दाखवायला तयार झालं, की ते गाडी काढायला एका पायावर तयार होते. मग लॅपटॉपवाले आले. त्यांना वेताच्या झुल्यात बसून पाठदुखी झाली होती. एका लेखकानं तर तीन आठवडे मागितले. अक्कानं त्याला आधी काय लिहिणार ते विचारलं, आणि मग एकच आठवडा दिला.

घरामुळे सगळ्यांचंच चांगलं चाललं. माझ्या रॅकवरचा शब्दकोश कुणीतरी नेला आणि त्या जागी ज्योतिषाचं पुस्तक ठेवलं. हा व्यवहार मी अजून मान्य केलेला नाही. पण मिस्त्रींना व्यवस्थापिकांनी फोन करून इतर फ्लॅटसाठी टेबलं मागितली. ते आता महिन्यातून एकदा तिकडे जातात. मासे खायला लागलेत आणि घरी सांगत नाहीत, असं त्यांच्या घरच्यांनीच आम्हाला सांगितलं. व्यवस्थापिकाही बदलल्या. पूर्वी त्या 'बाई' म्हणून दुरून बोलायच्या, आता फोन लावला की पहिलं वाक्य असतं, "मोठ्या बाई, जेवलात?"

पाडव्याला मी लातुरात होते. दाराशी गुढी, ताटात श्रीखंड, आणि दाजी नवीन सदऱ्यात. जेवण झाल्यावर ते उठून उभे राहिले. घरात आम्ही तिघंच होतो, तरी ते उभे राहिले.

"आज ठरलेली मुदत संपते," ते म्हणाले. "गेले काही महिने मी ह्या प्रकल्पाचं तटस्थपणे निरीक्षण करतोय. एक तांत्रिक माणूस म्हणून मला मान्य करावं लागतं—"

"अहो, श्रीखंड घ्या अजून," अक्का म्हणाली.

"—की सदर मालमत्ता स्वतःच्या पायावर उभी आहे. सबब, ती कायम ठेवण्यास माझी हरकत नाही."

"तुमची हरकत मागितली कुणी?" अक्का म्हणाली, पण त्यांच्या वाटीत मोठा चमचा घातला. नकाशा मी शोधला तर दिसला नाही. तो दुसऱ्या दिवशी सापडला. अक्कानं त्याची सुलट बाजू आत करून माडीवरच्या पोरांच्या कपाटात कागद म्हणून घातला होता.

मग तिनं फोन घेतला आणि स्वतःच्या घरात स्वतःसाठी जागा आहे का ते पाहिलं. एप्रिल भरलेला होता. दोन पाहुण्यांच्या मध्ये दोन दिवस रिकामे होते. "आपण जायचं," ती मला म्हणाली. "मालकिणी म्हणून."

सकाळी सातला आम्ही किनाऱ्यावर होतो. गर्दी नव्हती. अक्कानं चपला हातात घेतल्या, साडी वर खोचली, आणि अडुसष्टाव्या वर्षी ती मुख्याध्यापिका समुद्राकडे, रांगेतल्या पोरांकडे जावं तशी, सरळ चालत गेली. मी तिच्या मागे. थांबली तेव्हा तिनं डोळे मिटले होते. लाट आली, गेली. पायाखालची वाळू सरकली तशी तिनं माझा दंड धरला आणि हसायला लागली. तिला इतकं हसताना मी आमच्या लहानपणी पाहिलं असेल. मीही हसत होते. कशाला, ते विचारू नये. आमच्या दोघींच्या साड्यांवर पाणी उडालं होतं आणि दोघींनाही त्याचं काही वाटत नव्हतं.

"आता मला काही नको बघ," अक्का म्हणाली. आवाज गंभीर होता. "एवढा मोठा समुद्र, आणि त्याच्या काठाला आपलं दार. आता ह्यानं मला आत ओढून नेलं तरी माझी तक्रार नाही."

तेवढ्यात जोरात शिट्टी वाजली. किनाऱ्यावरून लाल चड्डी-बनियनमधला जीवरक्षक हात हलवत धावत येत होता. अक्का वळली नाही. आयुष्यभर शिट्टी तिनं वाजवली होती. कुणाच्या शिट्टीवर थांबायची तिला सवय नव्हती. तो धापा टाकत आमच्यापुढे येऊन उभा राहिला.

"आजी, मागे व्हा. लाल झेंडा लावलाय, दिसत नाही? कुठून आलात?"

"इथल्याच आहोत आम्ही," अक्का म्हणाली. आणि मान किंचित वर करून, "घर आहे आमचं. चौथ्या मजल्यावर."

"मग तर तुम्हाला माहीत पाहिजे. आत शिरायला मनाई आहे."

"कितीक आत शिरलोय आम्ही?"

त्यानं खाली पाहिलं. आम्हीही पाहिलं. पाणी घोट्यापर्यंत येत होतं, तेही लाट आली तरच.